बिनचिठ्ठीच्या बरण्या

आमच्याकडे एखाद्याला त्याच्या बायकोचं वय विचारलेलं चालतं, पण त्याच्या वासाबद्दल विचारलेलं चालत नाही. वास म्हणजे बीव्हरला, ओढ्यांना बांध घालणाऱ्या त्या प्राण्याला, सापळ्यापाशी बोलावण्याचं आमिष. बीव्हरच्या शेपटीखाली दोन पिशव्या असतात. त्या काढायच्या, चुलीवर टांगून वाळवायच्या, कुटायच्या, आणि मग त्यात काय काय घालायचं ते ज्याचं त्याला ठाऊक. माझ्यात पॉपलरच्या झाडाच्या चिकट कळ्या असतात. पुढचं सांगणार नाही. माझ्या बापानंही मला पुढचं सांगितलं ते अगदी शेवटच्या आठवड्यात, तेसुद्धा ताप डोक्यात गेला होता म्हणून.

तुम्ही कुणाच्या होडीत बसलात आणि त्यानं आपली बरणी उघडली, की तुम्ही पाण्याकडे बघायचं. नाक मुरडायचं नाही, 'अरे वा' म्हणायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही. ही रीत मी एकसष्ट वर्षं पाळली. लोकांनीही माझ्या बाबतीत पाळली. या वसंतात जो घोळ झाला तो या रितीमुळं झाला, असं माझी मेहुणी युलाली म्हणते. मी म्हणतो, घोळ तिच्यामुळं झाला. अजून आमचं त्यावर एकमत नाही.

माझ्या घरामागच्या खोपटात फळीवर वीसेक बरण्या आहेत. बीव्हरच्या, मिंकच्या, लिंक्सच्या, कोल्ह्याच्या, लांडग्याच्या. एकीवरही मी कधी चिठ्ठी लावली नाही. एक तर चिठ्ठी लावली की चोराचं काम सोपं होतं. आणि दुसरं म्हणजे, 'चिठ्ठी दुकानदाराला लागते, नाझेरला नाक आहे.' नाझेर म्हणजे मी, आणि हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की गावातली पोरंसुद्धा माझा आवाज काढून ते बोलतात.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी क्लिफर्ड माझ्याकडे आला. क्लिफर्ड माझ्या पुतण्याचा मुलगा. चाळिशीचा आहे, पोट सुटलंय, आणि गावच्या काउन्सिलमध्ये रस्ते आणि पाणी बघतो. दारातच त्यानं टोपी काढली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"मुशूम, बीव्हरनं खालच्या ओढ्याला बांध घातलाय." गावातली सगळी लहानथोर मंडळी मला मुशूम म्हणतात, म्हणजे आजोबा.

"घालणारच. तू ऑफिसात बसतोस, तो बांध घालतो. दोघांत काम कोण करतं ते गावाला माहिती आहे."

तो हसला नाही. "पाणी दफनभूमीत शिरतंय. खालच्या रांगेपासून चार पावलांवर आलंय."

मी कप खाली ठेवला. खालच्या रांगेत तीनच थडगी आहेत, आणि मधलं मार्सेलीनचं आहे. मार्सेलीन माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. जागा तिनंच निवडली होती, आपल्या आईच्या शेजारी, ओढ्याचा आवाज ऐकू येईल अशी. मी तेव्हाच म्हणालो होतो की सखल आहे. ती म्हणाली, तुम्हाला झोपायचंय का तिथं?

"बांध फोडा की मग," मी म्हणालो.

"दोनदा फोडला. जमीन मऊ आहे, यंत्र खाली उतरत नाही, म्हणून माणसं लावून हातांनी फोडला. दोन्ही वेळा सकाळी जसाच्या तसा." त्यानं टोपी हातात फिरवली. "काउन्सिलनं ठरवलंय, मुशूम. सोमवारी सकाळपर्यंत पाणी उतरायला लागलं नाही तर ती तीन थडगी उघडून वर टेकडीवर न्यायची. फादर हो म्हणालेत."

"मार्सेलीनला उकरणार?"

"उकरणार नाही. हलवणार."

"मग फावडं काय हळू आवाजात चालवणार?"

क्लिफर्ड जमिनीकडे बघायला लागला. मग म्हणाला, "म्हणून तर आलोय. तुमच्या वासापुढं कुठला बीव्हर टिकलाय? तुम्ही सापळे लावा. बीव्हर गेले की बांध मी फोडतो, मग तो परत बांधायला कुणी राहणार नाही."

"सोमवार कशाला? शुक्रवारी जेवायला ये. बीव्हरची शेपूट भाजून घालतो."

मी हे बोललो. माझ्याच तोंडानं बोललो.

त्याच दुपारी मी होडी घेऊन निघालो. काम तसं सोपं असतं. बर्फ वितळलं की बीव्हर काठाकाठानं चिखलाचे छोटे ढीग करतात आणि त्यावर आपला वास सोडतात. इथं आम्ही राहतो, तुम्ही पुढं व्हा, एवढाच त्याचा अर्थ. आपण तसाच एक खोटा ढीग करायचा, वासात बुडवलेली काडी त्यात खोचायची, आणि समोरच्या उथळ पाण्यात सापळा लावायचा. परक्या बीव्हरचा वास आला की घरमालकाचं डोकं फिरतं. माझ्या दारात कोण आलंय म्हणून तो फुसफुसत थेट ढिगावर येतो. भांडखोर माणूस कसा जेवणावरून उठून फाटकापाशी येतो, तसा.

बरणी मी फळीच्या डाव्या टोकाकडून तिसरी घेतली, नेहमीची. उघडून नाकाशी धरली. तोच काळपट तपकिरी रंग, तोच गुळाच्या काकवीसारखा घट्टपणा. एकसष्ट वर्षं ती बरणी उघडल्यावर जे वाटायचं ते वाटलं. चार ढीग केले, चार काड्या खोचल्या, आणि मार्सेलीनच्या क्रॉसकडे बघून हात हलवून घरी आलो.

बुधवारी सकाळी चारही सापळे रिकामे होते. सापळा रिकामा असणं मला नवं नाही. पण ढिगांना कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. परका वास आला की बीव्हर निदान येऊन त्यावर दोन मुठी चिखल तरी टाकून जातो. इथं चिखलावर मी सोडलेले माझे बोटांचे ठसे तसेच होते. आणि पाण्याच्या मधोमध एक मोठा बीव्हर गोल गोल पोहत शेपूट आपटत होता. फाट! फाट! शेपूट आपटणं म्हणजे धोका, पळा. मला बघून आपटत असेल म्हणावं, तर मी झाडीत असल्यापासून तो आवाज ऐकत होतो.

माझं डोकं चालेना. घरी येऊन चहा केला. चहालाही काही अर्थ नव्हता. गेले काही महिने आमचा दुकानदार कसला भुसा चहा म्हणून विकतोय कोण जाणे. मासे धुरावलेले म्हणून देतो, त्यांनी धूर लांबूनसुद्धा पाहिलेला नसतो. मी त्याला तोंडावर सांगितलं तेव्हा तो बावळटासारखा बघत राहिला.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तेव्हा कुणाला सांगितली नव्हती. मार्सेलीनचे मूस हरणाच्या कातड्याचे हातमोजे माझ्याकडे आहेत. मनगटाला बीव्हरची फर, पाठीवर मण्यांची फुलं. ती गेल्यावर मी ते एका पिशवीत तोंड बांधून ठेवले. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी पिशवी उघडायची, एकदा नाक आत घालायचं, परत बांधायची. ती त्यात होती. मी म्हातारा आहे, वेडा नाही. ती खरोखर त्यात होती. जवळजवळ दोन वर्षं होती. मग या जानेवारीत मला मोठा खोकला झाला, तीन आठवडे अंथरुणात होतो, आणि उठून पिशवी उघडली तर आत काही नाही. नुसतं कातडं. वाटलं, आजारपणात पिशवी नीट बांधायची राहिली असेल. तेव्हापासून रोज सकाळी उघडून बघत होतो. काही नाही.

म्हणजे तिचं जे माझ्याकडे होतं ते गेलं, आणि आता जे जमिनीत आहे तेही हलवणार. बुधवारी मी चहा तसाच ओतून दिला.

गुरुवारी मी क्लिफर्डला बरोबर घेतलं. त्यानं आपला कुत्रा आणला. होडीत बसल्यावर मी बरणी उघडली, तसा कुत्रा उठला, पाठीवरचे केस ताठ झाले, आणि क्लिफर्डच्या पायांमागं जाऊन लपायला लागला. एवढं मोठं धूड, आणि शेपूट पोटाखाली.

"कुत्रा आजारी आहे का रे?"

"नाही, मुशूम."

"मग भित्रा आहे."

"असेल, मुशूम."

क्लिफर्ड सगळा वेळ पाण्याकडे बघत होता. बोट वाकडं करून डोळ्यांतलं पाणी पुसलं, पण मान वळवली नाही. मला मनापासून बरं वाटलं. आजकालच्या पोरांत एवढी रीतभात राहिली नाही. मी काड्यांना दुप्पट वास लावला. मग विचार केला की काटकसरीची ही वेळ नव्हे, आणि आणखी दोन ढीग करून बरणी निम्मी केली.

"एवढा?" क्लिफर्डच्या तोंडून गेलं, आणि लगेच त्यानं परत पाण्याकडे तोंड केलं.

दफनभूमीपाशी होडी लावली तेव्हा पाणी खालच्या रांगेपासून दोन पावलांवर होतं. क्लिफर्डनं खुणेची काठी रोवली.

शुक्रवारी मात्र ढिगांपाशी पावलं होती. लांडग्याची. मोठी, ताजी, सहाही ढिगांभोवती. एका ढिगावर तर त्यानं तंगडी वर करून मुतून ठेवलेलं. मी तिथंच काठावर बसलो आणि मला हायसं वाटलं, कारण कोडं सुटलं. तर लांडगे आले आहेत! म्हणून बीव्हर भेदरलेत, म्हणून पाण्याच्या मधून हलत नाहीत. मी बंदूक आणली, दुपारभर विलोच्या झुडपात बसलो. लांडगा आला नाही. मग मनात आलं, की लांडगे तर दर वसंतात येतात. बीव्हर काठावर चढला की पकडायला येतात. पण ते त्याच्या घरापाशी येतात, त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर येतात. माझ्या चिखलाच्या ढिगांवर तंगडी वर करायला का येतात? सुटलेलं कोडं परत गुंतलं.

संध्याकाळी क्लिफर्ड जेवायला आला. शेपूट नव्हती. मी त्याला मासे आणि तव्यावरची रोटी वाढली.

"छान धुरावलेत मासे," तो म्हणाला.

"माझी चेष्टा करू नकोस," मी म्हणालो. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला, आणि मी त्याच्याकडे.

शनिवारी युलाली आली. ती मार्सेलीनची धाकटी बहीण, माझ्या शेजारच्या घरात एकटी राहते, आणि स्वतः पक्की शिकारी आहे. मेहुणी आणि दाजी यांनी एकमेकांची खेचायची असते, ती आमची जुनी पद्धत आहे, पण युलाली ती पद्धत जरा जास्तच मनावर घेते.

"काय दाजी, ऐकलं ते खरं का? बीव्हरनीच तुमच्यासाठी सापळा लावलाय म्हणे. फक्त तुम्हाला कुठल्या वासानं बोलवायचं ते ठरत नाहीये."

"मेलेल्या माणसांची चेष्टा करत नाहीत."

"तुम्ही कुठं मेलाय अजून?"

"सोमवारी मरेन. तुझ्या ताईला उकरायला लागले की."

ती खुर्ची ओढून बसली, आणि का कोण जाणे, लगेच उठून खिडकी उघडून परत बसली. "हाडं," ती म्हणाली. "नाताळच्या जेवणातल्या बीव्हरची हाडं कुठं गेली? मी विचारलं होतं तुम्हाला."

आता हे खरं होतं. बीव्हरची हाडं पाण्यात परत सोडायची असतात, नाही तर झाडावर उंच बांधायची. कुत्र्यांच्या तोंडी लागली तर बीव्हरचा अपमान होतो आणि तो पुन्हा येत नाही. नाताळात तीस माणसं जेवली होती, हाडं कुणी गोळा केली ते मला आठवेना. मग आम्ही दोघांनी खोपटामागचा कचऱ्याचा ढीग उपसला. चार मणके आणि एक जबडा मिळाला. ते लाल कापडात बांधून मी स्प्रूसच्या झाडावर शिडी लावून टांगले, तंबाखू ठेवली, आणि मोठ्यानं माफी मागितली. खाली युलाली शिडी धरून उभी होती, तोंड दुसरीकडे करून. मला वाटलं, रडतेय.

मग मी गावातून एक फेरी मारली. लोकांनी मला वाट करून दिली. जरा जास्तच दिली. माझ्या पाठीमागं सगळ्या गल्लीतले कुत्रे एकदम ओरडायला लागले. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या बायका आत गेल्या. मी मागं वळून बघितलं, की माझ्या मागून कोण येतंय. कुणीही नव्हतं. माझं काय चुकतंय? मी काही बोललो का कुणाला? मला खरंच समजेना. आयुष्यभर ज्या गावात फिरलो, तिथं मला माझंच काहीतरी विसरल्यासारखं वाटायला लागलं.

रविवारी सकाळी ढीग कोरडे, सापळे रिकामे. प्रार्थनेनंतर मी आणि युलाली दफनभूमीत गेलो. पाणी मार्सेलीनच्या क्रॉसच्या पायाला लागलं होतं. पांढऱ्या रंगावर बोटभर ओली रेघ. टेकडीवर क्लिफर्डच्या माणसांनी उद्यासाठी तीन जागा आखून खुंट्या ठोकल्या होत्या. मी त्या खुंट्या बघितल्या. तिथंच ओल्या गवतात बसलो.

खिशातून बरणी काढली. झाकण उघडलं. आणि जे माझ्या बापानं केलं नाही, त्याच्या बापानं केलं नाही, ते मी केलं.

"युलाली," मी म्हणालो, "माझ्या वासात काय कमी आहे?"

ती दचकून दोन पावलं मागं गेली. "दाजी, असं विचारू नका."

"मी विचारतोय. इथल्या सगळ्या मेलेल्यांसमोर विचारतोय. तुझ्या ताईसमोर विचारतोय. सांग."

"खरं सांगू?"

"नाही तर कशाला विचारतोय?"

तिनं नाकाला पदरासारखा स्कार्फ लावला. "कमी काही नाही. जास्त आहे. दाजी, हा लांडगा आहे."

"कुठं?" मी बंदूक शोधायला लागलो.

"बरणीत! लांडग्याच्या ग्रंथींचा माल आहे हा, तोसुद्धा दोन-तीन वर्षं मुरलेला. अख्ख्या गावाला मंगळवारपासून माहिती आहे. तुमच्या कोटाला येतोय, होडीला येतोय. काल शिडीखाली उभी होते तेव्हा मला ओकारी आवरत नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार? तुमचा वास! आम्हाला वाटलं, मुशूम नाझेरची काहीतरी नवी युक्ती असेल. क्लिफर्ड म्हणाला, बीव्हरला आधी घाबरवून मग पकडायचा विचार दिसतोय, म्हातारा मोठा डोकेबाज आहे."

मी बरणीत नाक घातलं. अगदी काठाला लावलं. ओढलं. परत ओढलं. "तू खोटं बोलतेस. लांडगा असता तर मला कळलं नसतं का?"

युलाली माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावरची सगळी थट्टा गेली. "तुम्हाला काय वास येतोय, दाजी?"

"नेहमीचा."

"नेहमीचा म्हणजे काय?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. नेहमीचा म्हणजे नेहमीचा. पुन्हा ओढून बघितलं. तिथं थंड हवा होती.

तिनं मला हाताला धरून आपल्या स्वयंपाकघरात नेलं, डोळ्यांवर फडकं बांधलं. मी आरडाओरडा केला, तिनं ऐकलं नाही.

"हे काय?"

"पाणी."

"आणि हे?"

"पाणीच. किती वेळा पाणी हुंगवतेस?"

"हे?"

"युलाली, पुरे कर."

तिनं फडकं सोडलं. टेबलावर कॉफीचा डबा, रॉकेलची बाटली आणि डुकराच्या चरबीचं भांडं होतं. रॉकेलची बाटली उघडी होती. मी ती उचलून नाकाशी धरली. एवढं मोठं काही आपल्यातून निघून जातं आणि आपल्याला कळत नाही? मी चार महिने दुकानदाराला शिव्या घालत होतो.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मला काय माहिती? मला वाटलं, जगाचाच वास गेलाय."

"खोकल्यापासून असणार. तेव्हाच वरचा बर्फ वितळून खोपटाचं छप्पर गळत होतं, म्हणून मी तुमच्या सगळ्या बरण्या खाली उतरवल्या होत्या. मग पुसून परत लावल्या."

"कुठल्या क्रमानं?"

"क्रम होता? मला काय माहिती! चिठ्ठ्या कुठं होत्या?" आणि मग ती भडकली. "दुकानदाराला लागते चिठ्ठी! नाझेरला नाक आहे! घ्या आता!"

आम्ही खोपटात गेलो. तिनं एकेक बरणी उघडली आणि नाव सांगितलं, मी कोळशानं काचेवर लिहिलं. बीव्हरची बरणी उजव्या टोकाला निघाली. तिनं त्यात नाक घातलं, डोळे मिटले, आणि म्हणाली, "पॉपलर. आणि... अच्छा! ते घालता होय तुम्ही त्यात!"

माझ्या तीन पिढ्यांचं गुपित एका श्वासात गेलं. एरवी मी जीव दिला असता. त्या दिवशी म्हणालो, "बरोबर आहे ना? खवट नाही ना झालं?"

"झकास आहे."

माझा कोट तिनं जाळायला लावला. मला चिखलानं घासून आंघोळ घातली म्हणावी अशी धुलाई केली. मग तिच्या होडीतून, तिच्या हातानं, बांधाच्या पलीकडच्या काठाला नवे ढीग केले. मी नुसता वल्ही मारत होतो आणि तिनं काडी बुडवली की सवयीनं पाण्याकडे बघत होतो.

सोमवारी उजाडता उजाडता गेलो तेव्हा दोन ढीग पार विस्कटलेले होते, चिखल इकडंतिकडं फेकलेला, आणि त्या दोन्ही सापळ्यांत बीव्हर होते. एक तो शेपूट आपटणारा म्हातारा नर, अंगानं माझ्याएवढा रुंद, आणि दुसरी मादी. मी आमच्या रितीप्रमाणं दोघांच्या तोंडात पाणी घातलं आणि आभार मानले. क्लिफर्डनं माणसं घेऊन बांध फोडला. ओढा आधी गढूळ, मग जोरात, खाली धावला. दुपारपर्यंत मार्सेलीनच्या क्रॉसवरची ओली रेघ वाळली होती. टेकडीवरच्या खुंट्या मी स्वतः उपटल्या.

सगळे गेले. मी गेलो नाही. मला आदल्या दुपारपासून एक विचार छळत होता, त्या फडक्याखाली असल्यापासूनच. तो मी बोलून दाखवत नव्हतो, कारण तो चुकीचा निघाला असता तर दुसऱ्यांदा सहन झालं नसतं. रॉकेल मला कळलं नाही, पण रॉकेल तर बाटलीत होतं.

मी घरी जाऊन पिशवी घेतली आणि युलालीच्या दारात उभा राहिलो. ती म्हाताऱ्या बीव्हरचं कातडं सोलत होती.

"हात धू," मी म्हणालो. "नीट धू. साबणानं."

"आता काय?"

मी पिशवी पुढं केली. "यात काही आहे का बघ."

तिनं गाठ सोडली. हातमोजे तिनं लगेच ओळखले. मणी तिनंच ओवले होते. माझ्याकडे एकदा बघितलं आणि अख्खा चेहरा आत घातला. बराच वेळ बाहेर काढला नाही.

"काय?" मी म्हणालो.

"थांबा."

"अगं, आहे का नाही?"

"धूर आहे," ती आतूनच म्हणाली. "कातडं धुरावायच्या कुजक्या लाकडाचा. आमच्या आईच्या पद्धतीचा. मग ते मलम. गुडघ्यांना चोळायची ते. आणि... शी! मासे! मासे साफ करून यालाच हात पुसायची, दाजी. लहानपणापासूनची घाणेरडी सवय." ती हसत होती आणि नाक ओढत होती.

"आजही? आत्ता, या क्षणी आहे?"

"आहे म्हणजे काय, गच्च भरलंय. ताई दारात उभी असल्यासारखं."

मी चौकटीला धरलं. "मी जानेवारीपासून रोज सकाळी बघतोय. मला वाटलं, ती गेली. आता पूर्ण गेली."

युलालीनं चेहरा बाहेर काढला. डोळे लाल होते. "ती कुठं गेलीय? तुमचं नाक गेलंय."

नाक गेल्याचा एवढा आनंद आजवर कुणाला झाला नसेल. मी तिथंच पायरीवर बसून मोठमोठ्यानं रडलो, आणि ती शेजारी बसून मला हातमोज्यांतलं परत परत सांगत राहिली, धूर, मलम, मासे. मग तिनं पिशवीची गाठ स्वतः घट्ट बांधून दिली, आणि उद्या सकाळी चहाला येते म्हणाली.

ती आली. मी चहा ठेवला. चहाला चव नव्हती. दुकानदाराला मात्र शिव्या घातल्या नाहीत.